माझं हालणं, खाणीचं हालणं

फोन आला तेव्हा मी सिंदेवाहीत होतो. तिथल्या भात संशोधन केंद्राच्या शेतात एका नव्या वाणाची माहिती घेणं चाललं होतं आणि वाऱ्यामुळे पलीकडचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. बोलत होत्या इंदूबाई, माझ्या मावशीच्या धाकट्या जाऊ. "बाबू, बाई गेल्या," त्या म्हणाल्या. सकाळचा चहा झाला, कप धुऊन पालथा घातला, जरा लेटतो म्हणून खाटेवर गेल्या आणि उठल्याच नाहीत, एवढं त्यांनी सलग सांगितलं. आणि मग विचारलं, तू जेवला का. गावी पोचेपर्यंत दुपार झाली होती. बाईंचा चेहरा शांत होता. डोळे मिटलेले होते आणि पापण्यांखाली काहीही हालत नव्हतं. ज्यांनी त्यांना शेवटची काही वर्षं जवळून पाहिलं, त्यांचं लक्ष आधी तिथेच गेलं असणार.

सुमन खोब्रागडे, निवृत्त मुख्याध्यापिका, हिवरबोडी, जिल्हा चंद्रपूर. माझ्या आईची थोरली बहीण. गाव त्यांना बाई म्हणायचं, घरातही सगळे बाईच म्हणायचे, म्हणून इथेही बाईच लिहितो. जिल्हा परिषदेच्या शाळेतली त्यांची पहिली नेमणूक भामरागडकडच्या एका गावात होती. पावसाळ्यात नद्या चढल्या की रस्ता बंद होई, टपाल अडे, गावात मराठी बोलणाऱ्या त्या एकट्याच उरत. मुलं गोंडी बोलणारी, पुस्तक मराठीतलं. शिकवलेलं पोचत नाही हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. पण पुस्तक मोठ्यानं वाचायला घेतलं की मुलं गप्प बसून ऐकतात, हेही लक्षात आलं. मग त्या आधी वाचत, नंतर एकेक शब्द उचलून मुलांना त्यांचा शब्द विचारत. मोठ्यानं वाचायची सवय तिथली. पुढे बदल्या होत गेल्या, चिमूर तालुक्यात बरीच वर्षं गेली, आणि निवृत्तीनंतर त्या सासरच्या गावी, हिवरबोडीला येऊन राहिल्या. पती त्याआधीच वारले होते. धाकटे दीरही गेले होते. एका घराच्या दोन खोल्यांत दोघी जावा, मधे सामाईक छपरी, मागे सांदवाडी, म्हणजे परसातली भाजीपाल्याची जागा.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासात, गावच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. बाई आल्यापासून वाचन त्यांच्याकडे गेलं. त्यांच्या वाचनात नाटकीपणा नव्हता. आवाज चढत नसे. स्वल्पविरामाला जेवढं थांबायचं तेवढंच थांबत, पूर्णविरामाला त्याहून थोडं जास्त, आणि परिच्छेद संपला की मान वर करून समोरच्या बायांकडे बघत. बघायच्या म्हणजे कोण झोपलं ते तपासायच्या, असं इंदूबाई म्हणत. इंदूबाईंना वाचता येत नव्हतं. पण त्या रोज पहिल्या रांगेत बसत आणि घरी परतताना ऐकलेल्यातलं एखादं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवत. बाई त्यांना गमतीनं टेपरेकॉर्डर म्हणत.

हिवरबोडीच्या पूर्वेला कोळशाची खुली खाण आहे. खाण सुरू झाली तेव्हा ती गावापासून लांब होती. पुढे ती गावाकडे सरकत आली. रोज दुपारी भोंगा वाजतो, शेतातली माणसं बाजूला होतात, थोड्या वेळानं सुरुंग उडतात. आवाज येतो त्याच्या आधी जमिनीतून एक धक्का येतो. भांडी किणकिणतात, छपरावरचे कवेलू सरकतात, भिंतीला पडलेली चीर थोडी लांबते. ‘घर हालते’ हे त्या गावातलं रोजचं वाक्य होतं, तब्येत बरी नाही म्हणावं इतकं साधं. खाणीच्या कार्यालयाला, तहसीलला, जिल्ह्याच्या ठिकाणी जे अर्ज जात ते बाई लिहीत. अक्षर चांगलं, भाषा नेमकी, खाली सगळ्या गावाच्या सह्या आणि अंगठे. अर्जात काय लिहायचं नाही हे त्यांना चांगलं कळे. भिंत तडकली असेल तर तडकली, पडली नसेल तर पडली लिहायचं नाही. सरपंच गोपाळ, वयानं तरुण आणि लहानपणी मामाकडे चिमूर तालुक्यात शिकलेला, म्हणून बाईंचाच जुना विद्यार्थी, कधीकधी म्हणायचा की बाई, थोडं वाढवून लिहा न, एवढ्यानं कोणाच्या कानावर जू नाही रेंगत. बाई वाढवून लिहीत नसत.

म्हणूनच पुढे जे झालं ते गावाला जड गेलं. एका उन्हाळ्यात बाई सकाळीच म्हणू लागल्या की घर हालून राह्यलं. भोंगा नाही, आवाज नाही, तरी समोरची भिंत हालते. शेजारी त्याच खाटेवर बसलेल्या इंदूबाईंना काहीच जाणवत नसे. "खाणवाले तुमच्यासाठी सकाळची पेशल लावून राह्यले वाटते," त्या म्हणाल्या. बाईंना ती थट्टा वाटली नाही. दुसऱ्या कोणत्याही गावातल्या बाईनं घर हालताना पाहिलं असतं तर ती म्हणाली असती की मला चक्कर येते. हिवरबोडीत घर हालण्याला एकच कारण होतं. बाईंनी तर्क केला की खाणीत आता भोंगा न देता लहान सुरुंग लावत असले पाहिजेत. गावातल्या आणखी दोघातिघांनी विचारल्यावर हो, हालते खरं, म्हटलं. विचारलं की हो म्हणणारी माणसं सगळीकडे असतात. पुढच्या अर्जात एक वाक्य वाढलं: भोंगा न देताही सकाळच्या वेळी स्फोट केले जातात.

या आरोपाची दखल घेतली गेली, कारण भोंग्याशिवाय सुरुंग हा गंभीर गुन्हा आहे. खाणीचा एक अधिकारी हादरे मोजायचं यंत्र घेऊन आला आणि ते बाईंच्याच छपरीत, जमिनीत खिळा ठोकून, काही दिवस ठेवलं. यंत्रानं सकाळी काहीही नोंदवलं नाही. योगायोग असा की त्याच दिवसांत खाणीचं काम दूरच्या टोकाला चालू होतं, त्यामुळे दुपारच्या नोंदीही किरकोळ निघाल्या. अधिकारी सभ्य माणूस होता. त्यानं कागद बाईंच्या हातात देऊन सांगितलं की मॅडम, मशीनला तर काही दिसत नाही. त्याच्यासोबतचा एक जण फाटकाबाहेर पडता पडता हसला, ते इंदूबाईंनी पाहिलं. त्यानंतर गावाच्या कोणत्याही अर्जाला तेच उत्तर मिळू लागलं: यापूर्वीची तक्रार तपासणीत निराधार आढळली आहे. भिंती तडकतच होत्या... पण आता त्या कुणाला दाखवायच्या हा प्रश्न होता. गोपाळ बाईंना काही बोलला नाही. न बोलणंच बाईंना लागलं.

त्याच वर्षीच्या वर्षावासात ग्रंथातल्या ओळी हालू लागल्या. बाईंनी ते कुणाला सांगितलं नाही. अक्षरं खाली सरकतात, एकदम वर येतात, पुन्हा खाली सरकतात, असं त्या नंतर सांगत. मांडीवर किंवा लाकडी ठवणीवर ग्रंथ असला की वाचताच येत नसे. पण तो उचलून डोळ्यांच्या वर धरला, हनुवटी छातीशी घेतली आणि खालून वर पाहिलं, की ओळ बरीचशी थांबे. हे त्यांनी स्वतःच शोधलं होतं. विहारातल्या लोकांना त्याचा अर्थ वेगळा लागला. बाई आता ग्रंथ कपाळाच्या वर धरून वाचतात, केवढी श्रद्धा, असं बोललं जाऊ लागलं, आणि दोघी-तिघींनी घरी तसं धरून पाहिलंही. बाईंचे हात भरून येत. एका संध्याकाळी त्यांनी एकच परिच्छेद दोनदा वाचला. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण परतीच्या वाटेवर इंदूबाईंनी तो परिच्छेद दोनदा म्हणून दाखवला आणि विचारलं, काऊन बाई, आज डबल? दुसऱ्या दिवसापासून बाईंनी घसा बसल्याचं कारण देऊन वाचन थांबवलं.

डोळ्यांच्या शिबिरात मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं, नवा चष्मा आला, फरक पडला नाही. तालुक्याच्या डॉक्टरांना बाईंनी सगळं हालतं म्हणून सांगितलं, त्यांनी चकरेच्या गोळ्या दिल्या, त्या गोळ्यांनी दिवसभर झोप येई. गावात कुणी म्हणालं की डावा डोळा फडफडत असेल तर बाईमाणसाला शुभ असतं. फडफडत पापणी नव्हती, हालत बुबुळं होती. हे सगळ्यात आधी पाहिलं इंदूबाईंनी, आणि मी तेव्हा तिथेच होतो. छपरीत त्या सुपात तूर निवडत होत्या, बाई शेजारी बसून खडे दाखवायचा प्रयत्न करत होत्या. इंदूबाईंनी काहीतरी विचारायला मान वर केली आणि त्या बाईंच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. "बाई, तुमचे डोळे नाचून राह्यले," त्या म्हणाल्या. बाईंनी समोर पाहिलं की नाच कमी होई. खाली आणि बाजूला, सुपाकडे पाहिलं की वाढे. कसे नाचतात, असं मी विचारलं. इंदूबाईंचं माहेर धानाच्या पट्ट्यात, तलावाच्या गावचं. त्या म्हणाल्या, गळाची काडी पाण्यावर तरंगते न, लहान मासोळी ओढते तं कशी टचकन खाली जाते आन् मंग सावकाश वर येते, तसे.

नागपूरच्या न्यूरॉलॉजिस्ट डॉक्टरांसमोर मी हेच वाक्य सांगितलं. त्यांनी बाईंना समोर, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघायला लावलं आणि म्हणाल्या, बरोबर आहे. मग समजावलं. मेंदूच्या मागच्या बाजूला जो लहान मेंदू असतो, तो एरवी डोळे एका जागी धरून ठेवतो. ती पकड सैल झाली की डोळे आपोआप हळूहळू वर सरकतात आणि झटक्यानं खाली येतात. माणसाला आपले डोळे हालतात हे कळत नाही, समोरचं जग हालताना दिसतं. एमआरआय काढला, रक्त तपासलं; कारण सापडलं नाही. अनेकांच्या बाबतीत ते सापडत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. गाठ नव्हती, पक्षाघात नव्हता. आम्ही सुटकेचा श्वास घेतला. बाईंनी मात्र टेबलाची कड धरून ठेवली होती. त्या म्हणाल्या, "म्हणजे अर्ज खोटा झाला." डॉक्टरांना काही कळेना. खाण, भोंगा, यंत्र हे सगळं त्यांना सांगावं लागलं.

मग औषधाचं बोलणं निघालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यानं आजार जाणार नाही. चालू असेल तोवर हालणं कमी होईल, कुणाचं बरंच, कुणाचं थोडं, कुणाचं अजिबात नाही; बंद केलं की पुन्हा येईल. आणि वय पाहता, घ्यायचंच असं नाही, नुसतं जपून वागलं तरी चालेल. बाईंचं उत्तर तयार होतं. "घेतो मी," त्या म्हणाल्या. "माहं हालणं थांबलं म्हणजे खाणीचं दिसन." बाई बाहेर नेहमी पुस्तकी मराठी बोलायच्या. घरातली बोली त्यांनी अशा ठिकाणी वापरलेली मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकली.

पहिलं औषध गॅबापेंटिन. नसांच्या दुखण्यासाठी आणि फिट्ससाठी ते बरेच जण घेतात. डोळ्यांच्या काही प्रकारच्या हालचालींत त्याचा उपयोग होतो, बाईंच्या प्रकारात कमी जणांना. पण सहज मिळणारं म्हणून सुरुवात त्यानं झाली. मात्रा हळूहळू वाढवायची होती. ती वाढली तशी बाईंची झोप वाढली, चालताना पाय भरकटू लागले, आणि भिंत जेवढी हालत होती तेवढीच हालत राहिली. इंदूबाईंचं म्हणणं होतं की डोळे तेवढे नाचत होते ते बरं होतं, आता बाई पुऱ्याच नाचून राह्यल्या. ते औषध उतरवत उतरवत बंद केलं.

दुसरं औषध अमिनोपायरिडिन. ते मुळात एका वेगळ्या आजारात, चालण्याचा त्रास असलेल्यांना देतात. डोळ्यांसाठी ते वापरायचं तर डॉक्टर विचार करून, आपल्या जबाबदारीवर वापरतात. आधी ईसीजी झाला, मूत्रपिंडाची तपासणी झाली, पूर्वी कधी फिट आली होती का हे पुन्हा पुन्हा विचारलं गेलं. गोळी सकाळी एक, संध्याकाळी एक, मधे बारा तासांचं अंतर, आणि अख्खी गिळायची. चंद्रपूरचा औषध दुकानदार ती नागपूरहून मागवून देई. बाईंनी वेळ ठरवली ती विहाराच्या हिशेबानं: संध्याकाळची गोळी दिवेलागणीआधी, म्हणजे वाचनाच्या वेळी तिचा जोर असेल. बाईंचं वाचन तेव्हा बंदच होतं. तरी वेळ तीच ठरली.

इथे एक घोटाळा झाला. इंदूबाईंच्या हातात आलेली कोणतीही मोठी गोळी अर्धी होते. अख्खी गोळी गरमी करते, हा त्यांचा पक्का समज. पहिले काही दिवस बाईंनी स्वतः गोळ्या घेतल्या. मग ते काम इंदूबाईंकडे गेलं आणि त्यांनी अडकित्त्यानं गोळी फोडून दोन तुकडे एकामागून एक द्यायला सुरुवात केली. बाईंच्या बोटांना आणि ओठांना मुंग्या येऊ लागल्या, अंग थरथरल्यासारखं व्हायला लागलं. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि मग जरा कडक आवाजात सांगितलं की ही गोळी पोटात हळूहळू विरघळावी अशी बनवलेली असते. फोडली की सगळं औषध एकदम अंगात जातं, त्यानं फिटसुद्धा येऊ शकते. त्या दिवशीची उरलेली गोळी थांबवायला लावली. इंदूबाई चार दिवस घुश्श्यात होत्या. गोळीले का पोटात गेल्यावर आठवते, का मले अडकित्त्यानं फोडलं म्हणून, असं त्या ज्याला त्याला विचारत. पण अडकित्ता त्यांनी गोळ्यांच्या डब्यापासून दूर, चुलीच्या फळीवर नेऊन ठेवला.

अख्खी गोळी नीट सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी बाईंचा फोन आला. सकाळची गोळी घेतली, चहा झाला, भांडी झाली, आणि त्या छपरीत येऊन बसल्या तर समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर उभं होतं. नुसतं उभं. तारखा वाचता येत होत्या. त्या बराच वेळ बघत बसल्या, म्हणाल्या. पुढची गोळी घ्यायची वेळ जवळ आली की ते पुन्हा थोडं हालायला लागे, हेही सांगितलं. पूर्ण गेलं असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. पायऱ्या उतरताना, खाली बघताना हालणं राहिलंच, तेव्हा धरायला इंदूबाईंचा दंड होता. पण समोरचं जग थांबलं होतं. त्या दुपारी भोंगा वाजला. बाईंनी खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली. सुरुंग उडाले... आणि कॅलेंडर हाललं.

ही बातमी गावात पसरण्याआधी गोपाळ येऊन गेला. त्याचं म्हणणं साधं होतं आणि चुकीचंही नव्हतं. बाईंचे डोळे हालत होते हे बाहेर कळलं तर खाणवाले म्हणतील की अख्खं गाव असंच आहे. आजार झाला, औषध मिळालं, चांगलं झालं. पण ग्रामसभेत खाणीचे लोक येणार आहेत, त्यांच्यापुढे हे काढू नका. "बाई, एवढं एक डाव चूप राहा," तो म्हणाला. बाईंनी त्याला चहा दिला, आणि ठीक आहे असंही म्हटलं नाही, नाही असंही म्हटलं नाही. त्या आठवड्यात त्यांना झोप लागत नव्हती. औषधानंही झोप जाते, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. नेमकं कशानं, ते कळायला मार्ग नव्हता.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. तोच सभ्य अधिकारी आला होता. घरांच्या चिरांचा विषय निघाला तसं त्यानं जुन्या तपासणीचा कागद काढला. बाई उभ्या राहिल्या. त्यांनी आधी सांगितलं की अर्जातलं भोंग्याशिवाय स्फोट होतात हे वाक्य खोडावं. ते त्यांनी लिहिलं होतं आणि ते चूक होतं. मागून कुणीतरी हसलं. गोपाळनं मान खाली घातली. मग बाईंनी आपला आजार काय आहे ते, वर्गात समजावतात तसं, थोडक्यात सांगितलं. आणि म्हणाल्या, "सकाळचं हालणं माझं होतं. त्याचं मी औषध घेते, ते थांबलं. भोंग्यानंतरचं थांबलेलं नाही. ते खाणीचं आहे."

 अधिकारी कागदाकडे पाहत होता. त्यानं विचारलं की मॅडम, आत्ता तुम्हाला माझा हा कागद हालताना दिसतो का? बाई म्हणाल्या, नाही, आत्ता तुमचा हात हालतोय. हसू फुटलं ते सगळ्यात आधी त्या अधिकाऱ्यालाच. यंत्र पुन्हा बसवायचं त्यानं मान्य केलं, या वेळी शाळेच्या भिंतीपाशी, आणि खाणीचं काम गावाच्या बाजूला असताना. गोपाळ परतताना बाईंच्या बाजूनं चालत होता. काही वेळानं म्हणाला, "बाई, तुम्ही मले सातवीतही असंच पाडलं होतं." पाडलं नव्हतं, दोन गुण कमी दिले होते, असं बाईंनी दुरुस्त केलं.

त्यानंतर जे झालं त्याचं श्रेय एकट्या बाईंच्या बोलण्याला देता येणार नाही. यंत्रानं दुपारी जे नोंदवायचं ते नोंदवलं. आजूबाजूच्या गावांच्याही तक्रारी होत्या. गावाच्या बाजूला एका वेळी कमी सुरुंग लावायचे ठरलं, शाळेची भिंत खाणीच्या खर्चानं बांधून मिळाली, काही घरांची दुरुस्ती झाली, काहींची अजून व्हायची आहे. भोंगा आजही वाजतो. पण हिवरबोडीच्या अर्जाला यापूर्वीची तक्रार निराधार, हे उत्तर पुन्हा आलं नाही.

पुढच्या वर्षावासात ग्रंथ पुन्हा बाईंकडे आला. त्या तो आता छातीशी धरत. श्रद्धा कमी झाली का, असं एका म्हाताऱ्यानं विचारलं. डोळे सुधारले, असं त्यांनी सांगितलं. दर काही महिन्यांनी मूत्रपिंडाची तपासणी, नागपूरची एक फेरी, परतताना संत्री. त्या वर्षांत त्या समाधानी होत्या. हा शब्द मी सहसा माणसांविषयी वापरत नाही, पण इथे दुसरा बसत नाही. एका हिवाळ्यात त्यांना भामरागडला जायचं होतं, म्हणून मी गाडी काढली. इंदूबाईही आल्या. नद्यांच्या संगमावर आम्ही बराच वेळ उभे होतो. तिथला एक जुना विद्यार्थी, आता नातवंडांचा आजोबा, भेटायला आला आणि त्यानं बाईंना त्यांनीच विचारून घेतलेले गोंडी शब्द परत विचारले. काही त्यांना आठवले. मग त्या पाण्याकडे पाहत राहिल्या. मी विचारलं, हालतं का? "हे हालणारच," त्या म्हणाल्या. "हे त्याचं त्याचं हालणं आहे."

त्यांच्या जाण्याचं कारण हृदय बंद पडणं, असं डॉक्टरांनी लिहिलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गाव लोटलं होतं, भाषणं कमी झाली, जेवण वेळेवर झालं. बाईंना आवडलं असतं असं म्हणायचा मोह होतो. त्या बहुधा म्हणाल्या असत्या की भाजीत मीठ जास्त आहे. काही आठवड्यांनी मी पुन्हा गावी गेलो, त्या दिवशी ग्रामसभा होती. इंदूबाई म्हणाल्या, चाल, बसू जराशी. पटांगणात सतरंज्या घातल्या होत्या. मारोती नावाचा एक ढिवर, मासेमारी करणारा, उभा राहिला. बोडीतले, म्हणजे गावच्या लहान तळ्यातले, मासे मरून वर येत आहेत, खाणीचं पाणी बोडीत येतं, भरपाई पाहिजे, असं तो जोरात सांगत होता. त्याचं ऐकून घेतल्यावर गोपाळनं त्याला थांबवलं.

"भाऊ, तुमचं हालणं किती आन् खाणीचं किती, ते सांगा पयले."

मला वाटलं कुणी हसेल. कुणी हसलं नाही. हा प्रश्न त्या पटांगणात आता सगळ्यांनाच विचारला जातो, असं इंदूबाईंनी हळूच सांगितलं. मारोतीनं डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडला आणि पुन्हा बांधला.

"मासोळीचं बीज म्या दाट सोडलं होतं," तो म्हणाला. "थोडे त्याच्यानं मेले. ते माहं. पाण्यावर काळा तवंग आला, त्याच्यानं बाकीचे मेले. ते खाणीचं."

ग्रामसेवकानं तसंच लिहून घेतलं.